खवाट्याखालच्या गाठीला हात लावण्याआधी

साताऱ्याकडच्या एका ताईंनी आईबद्दल विचारलं आहे. आई ६३ वर्षांच्या. उजव्या खवाट्याच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाच्या, खालच्या टोकाशी गाठ आहे, वर्षभर तरी असावी. केस विंचरायला किंवा दोरीवर कपडे वाळत घालायला हात वर नेला की आत काहीतरी टक्कन सरकल्यासारखं होतं. एरवी फारसा त्रास नाही. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, "चरबीची गाठ आहे, जागा बधिर करून अर्ध्या तासात काढून टाकू." दुसऱ्यांनी एमआरआय करायला लावला. त्यात उजवीकडे ७ सेंटीमीटरची आणि डावीकडेही ४ सेंटीमीटरची गाठ निघाली. रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं: इलॅस्टोफायब्रोमा डॉर्साय असण्याची शक्यता, बायोप्सीने खात्री करावी. बायोप्सी हा शब्द वाचून घर हादरलं. त्यात मामांनी सांगितलं की गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो. ताईंचे प्रश्न चार आहेत: हा कॅन्सर आहे का, गाठ काढायची का, सुईने तपासायचं का, आणि तोवर आईने शेतावर जायचं की नाही.

ताई, जे ऐकण्यासाठी तुम्ही जीव मुठीत धरून बसला आहात ते आधी सांगतो. तुम्ही लिहिलेलं वय, जागा, दोन्ही बाजूंची गाठ आणि एमआरआयमधलं वर्णन हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवतं, आणि ती दिशा कॅन्सरची नाही. मी आईंना तपासलेलं नाही, फक्त रिपोर्ट वाचला आहे. त्यामुळे खाली लिहितो ती तपासणी तुमच्या सर्जनकडून एकदा नीट करून घ्या. पण आज रात्री झोप लागायला हरकत नाही.

इलॅस्टोफायब्रोमा हे नाव भारी वाटतं. १९६१ मध्ये फिनलंडच्या यार्वी आणि साक्सेन या डॉक्टरांनी या गाठीचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हापासून हे नाव चालत आलं आहे. खवाट्याचं हाड बरगड्यांवर नुसतं टेकलेलं असतं, आपण हात हलवला की ते पाठीवरून सरकतं. या हाडाचं खालचं टोक आणि छातीचा पिंजरा यांच्या मधल्या फटीत, साधारण सहाव्या ते आठव्या बरगडीच्या पातळीवर, तंतू आणि चरबी यांचा एक चपटा गोळा हळूहळू साठत जातो. तो बरगड्यांच्या आवरणाला खालून चिकटलेला असतो, वरून पाठीच्या रुंद स्नायूंनी झाकलेला असतो. पन्नाशी-साठीच्या पुढे दिसतो, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, बहुतेक वेळा उजवीकडे, आणि नीट शोधलं तर अनेकांना दोन्ही बाजूंना. तुमच्या आईंच्या डाव्या गाठीने तुम्ही घाबरलात, पण मला तिने धीर दिला. त्याच जागी दोन्हीकडे सारखी गाठ असणं हे या आजाराचं स्वतःचं लक्षण आहे. मांसातला कॅन्सर असा आरशातल्या प्रतिबिंबासारखा दोन बाजूंना येत नाही.

ही गाठ दुर्मिळ म्हणून शिकवली जाते, आणि मला वाटतं निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. फिनलंडमध्येच १९७५ मध्ये पंचावन्नच्या पुढच्या माणसांचं शवविच्छेदन करताना मुद्दाम या जागेत पाहिलं गेलं, तेव्हा सुमारे २४ टक्के स्त्रियांत आणि ११ टक्के पुरुषांत असे बदल सापडले. त्यांतल्या बहुतेकांना जन्मभर पत्ताही नसेल. जपानच्या ओकिनावा बेटांवरून १९८२ मध्ये १७० रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यात जवळपास एकतृतीयांश जणांच्या घरात आणखी कोणाला तरी अशीच गाठ होती. म्हणजे हाड सरकून होणारं वर्षानुवर्षांचं घर्षण हे कारण सांगितलं जात असलं तरी घराण्याचाही त्यात वाटा दिसतो. तुमच्या मावशींच्या पाठीवर हात फिरवून बघा, सापडली तर आश्चर्य वाटायला नको.

आता तपासणी. माझ्या मते अर्धं निदान इथेच होतं, आणि नेमकं हेच घाईत राहून जातं. पाठीची गाठ दाखवायला आलेल्या बाईला आपण पालथं झोपवतो किंवा पाठ करून बसवतो, हात अंगाशी. या अवस्थेत ही गाठ खवाट्याच्या आड जाते आणि हाताला नुसता एक फुगवटा लागतो. मग डॉक्टर म्हणतात, चरबी आहे. मी रुग्णाला स्टुलावर बसवतो, पाठ उघडी ठेवायला घरातली बाई किंवा सिस्टर शेजारी उभी असते, आणि सांगतो, थंडीत शाल गुंडाळल्यासारखं दोन्ही हातांनी स्वतःला कवटाळा आणि थोडं पुढे वाका. खवाटे दोन्हीकडे बाजूला सरकतात आणि गाठ आडोशातून बाहेर आल्यासारखी वर येते. आंब्याच्या चपट्या कोयीएवढी, घट्ट, रबरासारखी. वरची कातडी तिच्यावरून सहज सरकते, पण गाठ बरगडीवर बसलेली, ढकलली तर हलत नाही. हात खाली सोडायला सांगितले की ती परत आत जाते. कधीकधी जाताना तळहाताला टक् असं जाणवतं. आई म्हणतात तो आवाज हाच. ज्याने हे एकदा स्वतःच्या हाताने अनुभवलं तो ही गाठ पुन्हा चुकत नाही.

साध्या चरबीच्या गाठीचं, म्हणजे लायपोमाचं, वागणं वेगळं. ती बहुधा कातडीच्या लगेच खाली असते, मऊ, कडेला बोट दाबलं की बोटाखालून सटकते, हात कसाही हलवा तिची जागा बदलत नाही. पाठीवर आणि खांद्यावर या गाठी सर्रास असतात. लहान असेल, वर्षानुवर्षं तेवढीच असेल, दुखत नसेल तर काढण्याची गरज नाही. ब्रा किंवा ब्लाउजची शिवण घासते, झोपताना टोचते, दिसायला नको वाटते, या कारणांनी काढायची तर जरूर काढावी. तिसरी नेहमीची गाठ म्हणजे कातडीतलीच पुटकुळी, जिच्या मध्यावर काळा ठिपका दिसतो आणि पिकली की वास येणारा पांढरा लगदा बाहेर येतो. ती कातडीला चिकटलेली असते. ती घरी पिळू नका एवढंच सांगतो. पिकलेली असताना पिशवी नीट निघत नाही. आधी निचरा करून सूज उतरू द्यायची आणि मग शांत झाल्यावर पिशवीसकट काढायची.

यापलीकडच्या गोष्टी क्वचित भेटतात. मज्जातंतूच्या आवरणाची गाठ असेल तर तिच्यावर टिचकी मारली की त्या तंतूच्या वाटेवर मुंग्या येतात. रक्तवाहिन्यांच्या गुंत्याची गाठ कमीजास्त होत राहते, काम केल्यावर फुगते. तरण्या मुलींत खांद्याच्या पट्ट्यात डेस्मॉइड म्हणून एक चिवट गाठ होते. ती शरीरात दुसरीकडे पसरत नाही, पण जागच्या जागी मांसात मुळं रोवते आणि कापल्यावर पुन्हा येण्याची तिला खोड आहे. तिच्या बाबतीत हल्ली आधी काही महिने नुसतं लक्ष ठेवतात, कारण काही गाठी आपोआप थांबतात, काही आक्रसतातसुद्धा. आणि कधी गाठ मांसाची नसतेच, खवाट्याच्या आतल्या बाजूला हाडालाच कोंब फुटलेला असतो. तो साध्या एक्स-रेत, विशेषतः बाजूने काढलेल्या, दिसतो.

पण आपल्याकडे एक शक्यता परदेशी पुस्तकांच्या यादीत खाली असते आणि ती आपण वर ठेवली पाहिजे. टीबी. बरगडीला किंवा मणक्याला टीबी झाला की तिथला पू स्नायूंच्या फटीतून वाट काढत पाठीवर येऊन थांबतो. वर लाली नाही, ताप बहुधा नाही, ठणका नाही, म्हणून त्याला थंड गळू म्हणतात. हाताला मऊ, चरबीच्या गाठीसारखंच. काही वर्षांपूर्वी एक तरुण शेतकरी माझ्याकडे आला, पाठीवर आठ महिन्यांची न भरणारी जखम घेऊन. गावाजवळच्या एका दवाखान्यात लायपोमा समजून चीर दिली होती आणि आतून पातळ, पिवळट पू निघाला होता. सोनोग्राफी झाली नव्हती. पू तपासायला पाठवला नव्हता. रोज ड्रेसिंग चाललं होतं आणि खालची बरगडी आतून कुरतडली जात होती. टीबीची औषधं सुरू झाल्यावर जखम भरली, पण त्या माणसाचे आठ महिने आणि एक हंगाम गेला. दहा मिनिटांच्या सोनोग्राफीत आत पातळ आहे की घट्ट हे कळलं असतं. वजन उतरलंय, संध्याकाळी कणकण येते, घरात कोणाला टीबी होता, गाठ काही आठवड्यांतच वाढली, असं काही असेल तर ते डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा.

म्हणून पाठीवरच्या गाठीसाठी माझा क्रम ठरलेला आहे. हात पुढे घेऊन तपासणी, मग सोनोग्राफी. गाठ कातडीखालच्या चरबीत आहे, लहान आहे आणि सोनोग्राफीत निखळ चरबीची दिसते, तर बस्स, पुढे काही नको. पण गाठ ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल, स्नायूच्या खाली असेल, वाढत असेल, रात्री विसाव्यालाही दुखत असेल किंवा एकदा काढून पुन्हा आली असेल, तर एमआरआय झाल्याशिवाय तिला सुरी लावू नये. ५ सेंटीमीटर म्हणजे मोठं लिंबू समजा. मांसातल्या गाठींत साध्या गाठी कॅन्सरच्या गाठींपेक्षा शंभरपट तरी जास्त असतात, त्यामुळे या यादीतल्याही बहुसंख्य गाठी शेवटी साध्याच निघतात. पण जी एखादी तशी नसते तिच्यासाठी पहिलं ऑपरेशन हीच सर्वांत चांगली संधी असते.

हे मी तळमळीने लिहितो कारण उलटं झालेलं पाहिलं आहे. एका गृहस्थांची खांद्यामागची मुठीएवढी गाठ बाहेरच कुठेतरी जागा बधिर करून काढली होती, एमआरआय न करता, आडव्या चिरेतून, तुकड्या-तुकड्यांनी. काढलेला गोळा पॅथॉलॉजीला न पाठवता टाकून दिला होता. पाच महिन्यांनी गाठ परत आली तेव्हा ते माझ्याकडे आले, आणि या वेळी तपासणीत सार्कोमा, म्हणजे मांसातला कॅन्सर, निघाला. पहिल्यांदाच नीट झालं असतं तर मर्यादित मांस काढून भागलं असतं. आता जुना व्रण, आजूबाजूला पसरलेलं रक्त, सगळंच संशयित धरून काढावं लागलं आणि वर रेडिएशन. म्हणून पाठीची कुठलीही गाठ काढली की घरच्यांनी एकच गोष्ट विचारावी: गोळा तपासायला कुठे पाठवला, रिपोर्ट कधी मिळेल. तो कागद जन्मभर जपून ठेवा.

तर ताई, पहिल्या डॉक्टरांचा 'अर्ध्या तासात काढून टाकू' हा सल्ला बाजूला ठेवा. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना ती लायपोमा वाटली. पण स्नायूंच्या खाली, बरगडीला चिकटलेली ७ सेंटीमीटरची गाठ जागा बधिर करून काढायची नसते.

आता बायोप्सी. सुई लावली की कॅन्सर पसरतो ही भीती मला रोज ऐकायला मिळते. मामांना सांगा की जाड सुईने घेतलेला तुकडा हाच मांसातल्या संशयित गाठीच्या निदानाचा जगभर चालणारा रस्ता आहे. त्यात पथ्य एवढंच, की सुई कुठून घालायची हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने ठरवावं, म्हणजे गरज पडली तर सुईची वाट त्याच चिरेत निघून जाते. नुकसान करते ती भलत्या जागेची मोठी चीर आणि अर्धवट ऑपरेशन. पण तुमच्या आईंना बायोप्सी लागेलच असं मला वाटत नाही. एमआरआयमध्ये ही गाठ स्नायूसारख्याच राखाडी रंगाची दिसते, टी-१ आणि टी-२ या एमआरआयच्या दोन्ही प्रकारच्या चित्रांत, आणि तिच्यात चरबीच्या पांढऱ्या रेघा थरांसारख्या गेलेल्या असतात. भोवती स्वच्छ आवरण नसतं. तुमच्या रिपोर्टमध्ये नेमकं हेच वर्णन आहे. वय जुळतं, जागा जुळते, दोन्ही बाजूंना आहे. एवढं जुळल्यावर बहुतेक अनुभवी सर्जन सुई न लावता निदान मान्य करतात. रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर ते शेवटचं वाक्य सावधगिरीने लिहितात. त्यांनी आईंना हात पुढे घेताना पाहिलेलं नसतं.

बायोप्सी मी कधी करायला लावतो? एकच बाजू, वय चाळिशीच्या आत, जागा नेहमीची नाही, गाठीत चरबीच्या रेघा नाहीत, एमआरआयच्या वेळी शिरेतून औषध दिल्यावर ती चित्रात जोरात उजळते, किंवा दोन तपासण्यांच्या मधे स्पष्ट वाढली. पूर्ण चरबीची पण खोलवर असलेली मोठी गाठ, ज्यात जाड पडदे दिसतात, तिचाही तुकडा घेतो; तिथे एमडीएम-२ नावाच्या जनुकाची चाचणी करून साधी चरबी आणि कॅन्सरकडे झुकलेली चरबी यांतला फरक कळतो. शंका राहिली तर एमआरआयची सीडी, नुसता कागद नव्हे, घेऊन अशा गाठी रोज बघणाऱ्या ठिकाणी जा. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये हाडं आणि मांसाच्या गाठींसाठी वेगळा विभाग आहे. सीडी शिवाय गेलात तर बहुतेक दुसरी तारीख मिळेल, म्हणून ती पिशवीत आधी टाका.

काढायची का? इलॅस्टोफायब्रोमाचा कॅन्सर होत नाही. म्हणून 'पुढे काही व्हायला नको' या एका कारणासाठी ती काढणं मला पटत नाही. काढण्याचं कारण आईंचा त्रास हेच असावं. टक् आवाज येतो पण दुखत नाही, कामं होतात, झोप लागते, तर राहू द्या. उताणं झोपवत नाही, हात वर नेला की कळ येते, खवाटा अडकल्यासारखा होतो आणि काही महिने व्यायाम, शेक आणि गरजेपुरत्या वेदनाशामक गोळ्यांनी फरक नाही, तर काढावी. डावी गाठ दुखत नसेल तर तिला हात लावू नये; दोन्ही बाजू एकदम उघडल्या तर बाईला महिनाभर स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नाही.

ऑपरेशन पूर्ण भुलेखाली होतं, कुशीवर किंवा पालथं झोपवून, हात पुढे घेऊन, म्हणजे खवाटा आपसूक बाजूला होतो. स्नायू शक्यतो न कापता बाजूला करून गाठ बरगड्यांवरून सोडवावी लागते. तिला कड नसते, म्हणून जिथे तंतू संपून निरोगी स्नायू सुरू होतो ती रेषा डोळ्यांनी आणि बोटांनी शोधत जावं लागतं. हातात आलेला गोळा कापला की पांढरट, चिवट, आणि मधून मधून चरबीच्या पिवळ्या रेघा. पॅथॉलॉजिस्टने खास रंग वापरला की इलॅस्टिकचे जाडे तंतू काळे दिसतात, तुटक, दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे; ते दिसलं की निदानाला प्रश्न उरत नाही. गाठीच्या कडेला काही तंतू मागे राहिले तरी ती पुन्हा येणं फार क्वचित घडतं, म्हणून कॅन्सरसारखं भोवतालचं मांस ओरबाडून काढायचं नसतं.

या ऑपरेशनची खरी कटकट नंतर असते. गाठ निघाल्यावर तिथे पोकळी राहते, वर खवाटा हलत असतो, आणि त्या पोकळीत रक्त किंवा पाणी साचतं. हे इतकं नेहमीचं आहे की मी ऑपरेशनआधीच सांगून ठेवतो. म्हणून नळी काही दिवस ठेवतात, पट्टा घट्ट बांधतात आणि हात गळ्यातल्या झोळीत ठेवायला सांगतात. टाके निघाल्यावर पुन्हा फुगवटा आला तर गाठ परत आली असं समजून रडू नका. बहुतेक ते पाणीच असतं आणि ओपीडीत सुईने काढता येतं, कधी दोन-तीन वेळा. मात्र लाली, ताप, ठणका आला तर त्याच दिवशी दाखवा. खांदा मोकळा होण्याचे व्यायाम सर्जन सांगतील तेव्हा सुरू करा, त्याआधी नाही. साठीनंतर झोळीतला हात फार दिवस तसाच ठेवला तर खांदा आखडतो, आणि मग गाठीपेक्षा तोच जास्त दुखतो. साखर असेल तर हा धोका आणखी.

आत्ता न काढायचं ठरलं, तर सहा महिन्यांनी त्याच सर्जनना पुन्हा दाखवा आणि एक सोनोग्राफी करून आकार मागच्याशी ताडून बघा. त्याच सेंटरला करा आणि जुना रिपोर्ट सोबत न्या. तेवढीच असेल तर नंतर वर्षाने. मधल्या काळात झपाट्याने वाढली, वरची कातडी ताणली किंवा रात्री दुखून जाग येऊ लागली तर तारखेची वाट पाहू नका. आणि घरातल्या कोणीही ती रोज दाबून बघायची नाही. दाबल्याने गाठ वाढत नाही, पण जागा दुखरी होते आणि दुखलं की वाढल्यासारखं वाटतं.

शेतावर जायचं की नाही, हे बहुधा आईंनीच विचारायला सांगितलं असणार. जाऊ दे त्यांना. खुरपणीने, भांगलणीने, डोक्यावरच्या पाटीने ही गाठ बिघडत नाही. उजव्या हाताने उंचावरचं ओढणं, फांदी वाकवणं, पंपाची पाठीवरची टाकी, एवढं मात्र दुसऱ्या कोणाला करू द्या. टाकीचा पट्टा आणि तिची खालची कड नेमकी गाठीवर येते आणि संध्याकाळी पाठ धरते.